‘व्यवसाय’च्या रकान्यात काय लिहायचं?

लग्नपत्रिका हातात पडली की आपण काय करतो? मुहूर्त नंतर बघतो, आधी नावं वाचतो. आशीर्वादात कोण, निमंत्रकांत कोण, थोरल्या काकांचं नाव धाकट्या मामांच्या खाली कसं काय गेलं, कुणाच्या नावापुढे ‘निवृत्त मुख्याध्यापक’ छापलंय आणि कुणाचं नुसतंच नाव. एवढं वाचलं की त्या घरातली वजनं, रुसवेफुगवे, कुणाच्या खिशातून हॉलचं भाडं गेलं असेल, सगळं कळतं. ही विद्या आपल्याला कुणी शिकवलेली नाही. पण ती फार उपयोगाची आहे, आणि फक्त लग्नापुरतीच वापरावी असं कुठं आहे?

माझी भाची दिल्लीत एका धोरण संशोधन संस्थेत नोकरी करते. दिवाळीला आली होती. परत जाताना चकली-चिवड्याच्या डब्यांना बॅगेत जागा हवी म्हणून तिने वेगवेगळ्या संस्थांचे पाच-सहा जाडजूड वार्षिक अहवाल बाहेर काढून टाकले. म्हणाली, “मावशी, रद्दीत दे.” रद्दी वाचल्याशिवाय घालायची नाही ही माझी जुनी खोड. दुपारच्या चहाबरोबर एकेक चाळायला घेतला. आतले तक्ते आणि आलेख झेपले तेवढे वाचले, पण मन रमलं ते शेवटच्या पानांवर. तिथे नियामक मंडळाची यादी असते. नाव, त्याखाली पदव्या, त्याखाली ‘माजी’ काय काय. अगदी लग्नपत्रिकाच!

धोरण संशोधन संस्था म्हणजे काय, हे आधी सांगते. इंग्रजीत ‘थिंक टँक’ म्हणतात. गॅसचं अनुदान खात्यात जमा करावं की सिलिंडर स्वस्त द्यावा, शाळेत पोषण आहारात काय असावं, गावच्या पाण्याला मीटर बसवावा की नाही, असे प्रश्न सरकारपुढे असतात. त्यांचा अभ्यास करून, माणसं पाठवून, आकडे गोळा करून ‘असं केलंत तर असं होईल’ हे सांगणाऱ्या या संस्था. निर्णय सरकार घेतं. पण कुठला प्रश्न अभ्यासाला घ्यायचा, पैसा कुणाकडून घ्यायचा, प्रमुख कुणाला नेमायचं, हे संस्थेचं मंडळ ठरवतं. म्हणजे पोळीचं पीठ मळतात संशोधक, पण आज पोळी करायची की भाकरी हे मंडळ सांगतं.

मग या मंडळावर कोण असतं? निवृत्त सनदी अधिकारी तर असतातच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असतात. एखाद-दोन उद्योगपती, एखादे माजी न्यायमूर्ती, एखादे ज्येष्ठ संपादक, आणि हिशेबाला सनदी लेखापाल. यात वाईट काही नाही बरं का. अधिकाऱ्याला फाईल कुठल्या टेबलावर अडते ते माहीत असतं. उद्योगपतीमुळे देणगी येते. न्यायमूर्तींच्या नावामुळे विश्वास बसतो. लेखापाल नसेल तर तिसऱ्या वर्षी नोटीस येते! मंडळ असं विचार करूनच बसवलेलं असतं.

जुन्या संस्थांची उदाहरणं बघा ना. दिल्लीची ‘नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च’ १९५६ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या नियामक मंडळात जे. आर. डी. टाटा, जॉन मथाई, अशोक मेहता आणि आपले चिंतामणराव देशमुख होते. एक उद्योगपती, एक अर्थतज्ज्ञ आणि माजी अर्थमंत्री, एक समाजवादी पुढारी, आणि एक आयसीएस अधिकारी जे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्याच १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे तेच हे चिंतामणराव. दिल्लीतच १९७३ साली व्ही. ए. पै पाणंदीकरांनी ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’ काढलं. तिथल्या मंडळावर वेगवेगळ्या काळात माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, डॉ. मनमोहन सिंग, पत्रकार बी. जी. व्हर्गीस अशी माणसं होऊन गेली. पुढे अध्यक्षपदी मीनाक्षी गोपीनाथ आल्या. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्यांची ओळख. याच संस्थेचा परदेशी देणग्या घेण्याचा परवाना २०२३ मध्ये निलंबित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. त्यातलं बरोबर-चूक हा वेगळा विषय. मला एवढंच दिसलं की यादीत कितीही मोठी नावं असली तरी छत्री म्हणून ती सगळ्या पावसात उपयोगी पडतातच असं नाही.

आता आपल्या पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. १९३० सालची. साताऱ्याचे वकील रावबहादूर काळे यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने संस्था काढली, आणि धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले, ते १९६६ पर्यंत. हेच गाडगीळ लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या कारखान्याच्या मंडळावर पुण्याचा एक अर्थशास्त्रज्ञ आणून बसवला! मला ही गोष्ट फार आवडते. शेतकऱ्यांना कळत होतं की आपल्याला ऊस कळतो, पण कर्ज, भागभांडवल, बाजार हे ज्याला कळतं तो माणूस आपल्यात हवा. उलट बाजूने मात्र असं झालेलं दिसत नाही. शेतीवर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मंडळावर कधी एखादी कोरडवाहू शेतकरीण बसली? मी चाळलेल्या अहवालांत तरी ती मला भेटली नाही. तक्त्यांत मात्र पानोपानी होती. ‘अल्पभूधारक महिला, टक्के’.

कुणी म्हणेल, अहो, ही अभ्यासाची कामं. तिथे शिकलेलीच माणसं लागणार. खरं आहे. म्हणून मला तुम्हाला दुर्गाबाईंबद्दल सांगायचंय.

दुर्गाबाई देशमुख म्हटलं की आपल्याकडे ‘चिंतामणरावांच्या पत्नी’ एवढंच बहुतेकींना माहीत असतं. १९५३ साली त्यांचं लग्न झालं, साक्षीदार म्हणून पंडित नेहरूंची सही होती, हेही काहींना ठाऊक असेल. पण त्यांच्या बायोडेटाची सुरुवात ऐका. जन्म १९०९, राजमहेंद्री. विवाह वयाच्या आठव्या वर्षी. कळत्या वयात आल्यावर त्या मुलीने नवऱ्याला सांगितलं की मला हा संसार करायचा नाही, तुम्ही दुसरं लग्न करा. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आज आपल्या गल्लीत कुणी असं म्हणालं तर काय होईल, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा वर्षांची असताना तिने गावात मुली-बायकांसाठी हिंदीची शाळा चालवली होती. १९२३ साली काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथल्या खादी प्रदर्शनाच्या दारावर ही चौदा वर्षांची स्वयंसेविका. तिकीट नाही म्हणून तिने चक्क नेहरूंना अडवलं! तिकीट काढून आणल्यावरच आत सोडलं.

मिठाच्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. तिथे त्यांना अशा बायका भेटल्या ज्यांना आपण कुठल्या गुन्ह्यासाठी आत आहोत हेसुद्धा नीट माहीत नव्हतं, कारण कायदा माहीत नव्हता आणि वकील परवडत नव्हता. दुर्गाबाईंनी ठरवलं, वकील व्हायचं. शाळा तर सुटलेली! मग बनारसहून मॅट्रिक, पुढे राज्यशास्त्रात एम. ए., आणि मग मद्रासला कायद्याची पदवी. मधल्या काळात मद्रासला आंध्र महिला सभा काढली. सुरुवात कशाने झाली माहितीये? शाळा सुटलेल्या मुलींना मॅट्रिकला बसवण्याच्या शिकवणीने. म्हणजे ज्या खड्ड्यातून आपण चढून आलो, तिथेच त्यांनी शिडी लावली. पुढे घटना समितीत निवडून गेल्या, नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या, १९५३ साली केंद्रीय समाज कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढ बायकांसाठी दोन वर्षांत परीक्षेपर्यंत नेणारे संक्षिप्त अभ्यासक्रम याच मंडळाने १९५८ पासून देशभर चालवले. तुमच्या आईच्या, सासूच्या वयाच्या कित्येक नर्सबाई, ग्रामसेविका, बालवाडीच्या बाई त्या वाटेने नोकरीला लागल्या असतील. घरात विचारून बघा.

आणि १९६०च्या दशकात त्यांनी दिल्लीत ‘कौन्सिल फॉर सोशल डेव्हलपमेंट’ उभी केली. ही धोरण संशोधन संस्थाच. आधी समविचारी मंडळी जमून चर्चा करत, मग रीतसर संस्था झाली. पुढे तिचं अध्यक्षपद निवृत्त परराष्ट्र सचिव मुचकुंद दुबे यांनीही अनेक वर्षं सांभाळलं. म्हणजे यादी पुन्हा नेहमीच्या वळणावर आली म्हणा. पण पाया घातला तो आठव्या वर्षी बोहल्यावर चढवलेल्या मुलीने. तिच्या ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’त वकिली होती, आयोग होता. पण तुरुंगातल्या त्या बायका आणि मोडलेला बालविवाह हेही तिच्या कामाचंच शिक्षण होतं ना? ते कुठल्या अहवालात छापतात?

अशीच दुसरी एक गोष्ट. १९७१ साली सरकारने देशातल्या स्त्रियांची स्थिती तपासायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, प्राध्यापक वीणा मजुमदार सदस्य सचिव. लतिका सरकार कायद्याच्या प्राध्यापक, लीला दुबे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, आणि मुंबईच्या मणिबेन कारा या कामगार चळवळीतल्या. या समितीचा अहवाल १९७४ च्या शेवटी आला. बायकांचं प्रमाण पुरुषांच्या तुलनेत घटतंय, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. शिकल्यासवरलेल्या सदस्यही ते वाचून हादरल्या, कारण कागदावर घटनेने सगळं दिलेलं होतं. त्यातूनच १९८० साली दिल्लीत ‘सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संस्था निघाली. वीणाताई पुढे पश्चिम बंगालमधल्या बांकुरा जिल्ह्यात शेतमजूर बायकांबरोबर काम करू लागल्या. रोजंदारीसाठी वर्षातून अनेकदा गाव सोडून जाणाऱ्या बायका त्या. त्यांनी सांगितलं, आम्हाला गावातच काम द्या. पडीक जमिनीवर टसर रेशमासाठी झाडं लावायचं काम त्या बोलण्यातून उभं राहिलं. अहवाल दिल्लीत लिहिला गेला, पण बांकुऱ्याच्या बायकांनी दिल्लीकरांची शिकवणी घेतली ती वेगळीच!

आता थोडं माझ्या घरचं.

आमच्या गल्लीत भिशी आहे. वीस-बावीस जणी. बोलणं फिरून फिरून नळाच्या पाण्यावर यायचं. नगरपालिका म्हणायची रोज पाऊण तास पाणी देतो, आणि आम्हाला पंचवीस मिनिटांत कळशा भरायची धडपड. शेवटी एकीने सुचवलं की भांडण्यापेक्षा लिहून ठेवू. स्वयंपाकघरात कॅलेंडर असतंच. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायची. सहा गल्ल्यांतल्या एकेचाळीस घरांनी चौदा महिने लिहिलं. माझ्या मुलाने ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि दिसलं की उताराकडच्या दोन गल्ल्यांना पूर्ण वेळ पाणी मिळतं आणि चढावरच्या चार गल्ल्यांना निम्मं. वही घेऊन आम्ही नगरपालिकेत गेलो. तिथे सांगितलं, वैयक्तिक तक्रारी नको, नोंदणीकृत संस्थेचं पत्र आणा.

ठीक आहे, नोंदवू संस्था! संस्था नोंदणीचा कायदा आहे १८६० सालचा. किमान सात माणसं लागतात. आणि गंमत बघा, त्या कायद्यातच म्हटलंय की मंडळावरच्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहायचा. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून हा रकाना आपली वाट बघतोय.

आम्ही सात जणी बसलो. कागदपत्रं करून देणारे गृहस्थ यादी बघून म्हणाले, “सातपैकी पाच गृहिणी? वजन पडत नाही ताई. दोन वकील, एक डॉक्टर, एखादे नगरसेवक घाला. तुम्ही सल्लागार मंडळात राहा.” चौदा महिने पहाटे उठून नोंदी कुणी ठेवल्या, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते त्यांच्या अनुभवाने बोलत होते, आणि खरं तर त्यांचा अनुभव चुकीचा नव्हता.

पण त्या रात्री आमच्यात जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. या ‘पाच गृहिणीं’त माझी जाऊ होती, जी बारा वर्षं बावीस मुलांची मेस चालवते. रोज दोन वेळा बावीस ताटं, धान्याची खरेदी, गॅसचा हिशेब, उधारीची वसुली. तिने ‘गृहिणी’ लिहिलं होतं, कारण मेस घरातच आहे म्हणे. दुसरी ब्लाऊज शिवते, सणासुदीला तीन-तीन मुली हाताखाली ठेवते. तीही ‘गृहिणी’. तिसरी रोज मळ्यात जाते. ती भीत भीत म्हणाली, ‘शेती’ लिहू का? तर तिच्या घरून उत्तर आलं, सातबारा माझ्या नावावर, तू शेतकरी कशी? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांकडून बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा करून घेतला, त्याला पस्तीसएक वर्षं झाली. आमच्या तिसरीच्या घरी ती लक्ष्मी अजून उंबऱ्यापर्यंत आलेली नाही.

शेवटी तिघींनी खरं तेच लिहिलं. खानावळ, शिवणकाम, शेती. घरी काय बोलणं झालं ते तिसरीने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण कागद पुढे गेला. चौथीने, सगळ्यांत थोरलीने, मात्र खोडायला साफ नकार दिला. म्हणाली, “मी गृहिणीच आहे. पाण्याची वेळ मी लिहिली ती गृहिणी म्हणूनच. पहाटे पाचला नळाशी कोण असतं, वकील की डॉक्टर?”

यावर आम्ही हसलो, पण बाईंचा मुद्दा कोर्टात टिकला असता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला होता. त्या निकालात न्यायमूर्तींनी दाखवून दिलं की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या बरोबरीने काम न करणाऱ्यांत मोजलंय, आणि हे चूक आहे. पुढे २०१९ साली सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ९७. आणि हे फक्त घरकाम हं, मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं त्यात वेगळं मोजलंय.

तशी ही ‘वजन पडत नाही’वाली अडचण फक्त आमचीच नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला. कारण? प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर अंगठे. रडत बसण्याऐवजी बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू करायला लावले. काही महिन्यांनी त्याच बायका पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्याआधी, १९७४ साली, अहमदाबादला इला भट्ट यांच्या ‘सेवा’च्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भाग घालून बँक काढली. भाजीवाल्या, विडीकामगार, जुने कपडे विकणाऱ्या. तिथेही सहीचा प्रश्न आला, तर नोंदणीआधी बायका रात्रभर बसून स्वतःचं नाव गिरवायला शिकल्या. पुढे बँकेच्या मंडळावर या कामकरी बायकांच्याच प्रतिनिधी बसू लागल्या. बचत रोजची घ्यायची की महिन्याची, हे भाजीवालीइतकं कुणाला कळणार? याच इलाबेन पुढे असंघटित स्त्री कामगारांवरच्या राष्ट्रीय आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. १९८८ चा ‘श्रमशक्ती’ अहवाल तो हाच.

कायद्याने आता बायकांसाठी खुर्च्या ठेवल्यात, हेही सांगायला हवं. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला आणि इतर मोठ्या कंपन्यांना निदान एक स्त्री संचालक सक्तीची केली. तर कित्येक मालकांनी बायको, बहीण, मुलगी यांनाच बसवलं. मग सेबीने बजावलं की मोठ्या पाचशे कंपन्यांत १ एप्रिल २०१९ पासून निदान एक स्त्री संचालक स्वतंत्र हवी, घरातली चालणार नाही. आपल्या पतसंस्थांत, सहकारी सोसायट्यांतही संचालक मंडळावर दोन जागा बायकांना आहेत. पण माझी एक मैत्रीण एका पतसंस्थेची पाच वर्षं संचालक आहे आणि तिने सभागृहाचा रंग पाहिलेला नाही. शिपाई इतिवृत्ताचं रजिस्टर घरी आणतो, ही सही करते, वर चहा पाजते! सरपंचपती आपल्याला माहीत आहेत, संचालकपतींची मोजदाद कुणी केलेली नाही.

तिला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, कारण यातल्या कित्येकींना कधी ना कधी ‘ताई, तुमचं नाव घालतो’ असा फोन येणार आहे. नाव देण्याआधी संस्थेची घटना आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. सभेची नोटीस लेखी मागा. इतिवृत्तात न बोललेलं लिहिलं असेल तर सही करू नका आणि पटत नसलेल्या ठरावाला आपला विरोध नावानिशी लिहायला लावा. कर्ज बुडालं की नोटीस सगळ्या संचालकांच्या घरी येते, तेव्हा ‘मी नुसती सही केली’ हे कुणी ऐकून घेत नाही.

आमच्या संस्थेला नोंदणी मिळाली. मग लेटरहेडवर पत्र गेलं. चढावरच्या दोन गल्ल्यांचा व्हॉल्व्ह बदलला, पाणी आता चाळीस मिनिटं येतं. उरलेल्या दोन गल्ल्यांचं घोंगडं भिजत पडलंय, तिथे जलवाहिनीच बारीक आहे म्हणतात. ते खरं की खोटं हे आम्हा सातजणींपैकी कुणालाच तपासता येत नाही.

म्हणून या वार्षिक सभेत एक ठराव आहे. गावात राहायला आलेल्या, पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना आठवे सदस्य म्हणून घ्यावं. थोरल्या बाईंचा विरोध आहे. त्या म्हणतात, एकदा साहेब आले की सगळे त्यांच्याकडे बघून बोलणार. जाऊबाई म्हणतात, पाइपचा व्यास कळणारा माणूस हवाच. मी बाजूने मत देणार आहे. पण अध्यक्षपद पुढची तीन वर्षं पहिल्या सातजणींतच राहील, हे त्याच ठरावात घालायला लावणार आहे. सभा रविवारी चार वाजता, मेसच्या खोलीत. सहाला पाणी येतं, त्याआधी आटपायची आहे.